सरांसाठी निवडलेली दुनळी

आयुष्यात मी एकदाच कुणाला तरी बंदूक निवडून दिली. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण ते दिवस आठवले की अजूनही तोंडात आंबट पाणी येतं. 

तेव्हा आम्ही सिंगापुरात, चोआ चू कांगला, एका एचडीबी ब्लॉकच्या, म्हणजे सरकारी इमारतीच्या, नवव्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. नवरा हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत होता, मुलगी प्राथमिक शाळेत होती, आणि मी बुओना व्हिस्टाला एका प्रयोगशाळेत नोकरी करत होते. धातू का तुटतात ते शोधायचं, हे माझं काम. जहाजाचा मोडलेला बोल्ट, तडकलेला पाइप, झिजलेलं बेअरिंग असं काहीबाही माझ्या टेबलावर यायचं आणि ते कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून मी अहवाल लिहायचे.

घरापासून बसने पंचवीसेक मिनिटांवर, दफनभूमी आणि भाजीच्या मळ्यांच्या पुढे, नेमबाजीचा एक क्लब होता. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत मी रायफल चालवली होती, बक्षिसंही मिळवली होती. लग्न, मुलगी, परदेश यात ते सगळं मागे पडलं. चाळिशी आली तेव्हा एका रविवारी सहज म्हणून त्या क्लबात गेले आणि पुन्हा त्या नादाला लागले. इथे रायफल नव्हती, छर्ऱ्यांची काडतुसं उडवणारी शॉटगन होती. समोरच्या खड्ड्यातून मातीची तबकडी सुटायची, ताटलीएवढी, नारिंगी, आणि ती लांब जायच्या आत फोडायची. फुटली की हवेत नुसता भुगा. कुणाचा जीव जात नाही, कुणाला काही लागत नाही. आठवड्यातले ते दोन तास फक्त माझे होते.

तिथे मला शिकवलं ते अंकलनी. मी त्यांना अंकल म्हणायचे, सगळेच म्हणायचे. सत्तरीचे चिनी गृहस्थ, जहाजाच्या गोदीत चाळीस वर्षं फिटर होते. बायको वारली होती. अंगाने लहानसर, बोलणं थोडं. मी बंदूक खांद्याला लावली की मागे उभे राहायचे आणि नेम चुकला की एवढंच म्हणायचे, "गाल उचललास." दर वेळी मी गाल उचललेला असायचा. दोघांचंही काम लोखंडाशी, त्यामुळे आमचं जमलं. नेमबाजी झाली की आम्ही तिथल्याच बाकावर कॉफी घेत बसायचो आणि वेल्डिंग या विषयावर तासभर बोलायचो.

आता सरांबद्दल. आमच्या विभागाचे प्रमुख मराठी होते, मुंबईचे. पन्नाशी उलटलेली, कपडे कडक इस्त्रीचे, आवाज मऊ. अजूनही त्यांचा उल्लेख करताना माझ्या तोंडचं 'अहो-जाहो' सुटत नाही. सवय आहे, आदर नाही. मी नवीन आले तेव्हा मात्र आदर होता. एकदा गणपतीत त्यांनी त्यांच्या आजोबांची आठवण सांगितली होती. आजोबा पोस्टात पत्रं वेगळी करायचे, दोन खोल्यांत सहा मुलं वाढवली, दिव्याखाली बसून शेजाऱ्यांची पत्रं फुकट लिहून द्यायचे. सांगताना सरांचे डोळे ओलावले होते. मला वाटलं होतं, माणूस चांगला आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"अगं, तू रविवारी ते नेम-बिम धरतेस ना?"

मी हो म्हटलं.

आम्हाला मोठं काम देणारा एक इंग्रज ग्राहक होता. दर नोव्हेंबरात तो इंग्लंडातल्या त्याच्या जमिनीवर पाहुण्यांना फेझंटच्या शिकारीला बोलवायचा. फेझंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याच्या गोतातला, लांब शेपटीचा, देखणा पक्षी. यंदा सरांना बोलावणं आलं होतं.

"मला बंदूक निवडून दे," सर म्हणाले. "वापरलेली, वरखाली दोन नळ्यांची. तिकडे हल्ली तशीच वापरतात म्हणे. आणि खिशाला परवडेल अशी."

"पाहुण्यांना ते लोक बंदूक देतात की, सर. कशाला उगीच परवाने, कागदपत्रं?"

"देतात गं. पण उसनी बंदूक घेऊन उभं राहिलं की माणूसही उसनाच दिसतो." मग जरा पुढे झुकून म्हणाले, "आणि नवी नकोच. माझ्या आजोबांची आहे असं सांगता आलं पाहिजे."

मला आधी वाटलं थट्टा करताहेत. पण ते हसत नव्हते. ते माझ्याकडे असे बघत होते, जणू ऑफिससाठी प्रिंटर निवडायला सांगताहेत. त्या आजोबांनी आयुष्यात लाखेच्या शिक्क्याशिवाय काही जड उचललं नसेल. त्यांच्या हातात आता बंदूक द्यायची होती, इंग्रजाला बरं वाटावं म्हणून. पहिली किळस मला तिथे आली. त्यावर मी काय केलं? "बघते, सर," म्हणाले. माझ्या पासचं, म्हणजे सिंगापुरात नोकरी करायच्या परवान्याचं, नूतनीकरण पुढच्या जानेवारीत होतं आणि त्या कागदावर सही त्यांची लागणार होती. पण सगळा दोष पासवर ढकलणं खरं नाही. बंदुकीतलं आपल्याला कळतं आणि साहेब आपल्याला विचारतात, याचंही मला बरं वाटलं होतं.

सर क्लबाचे सभासद झाले, सुरक्षेची परीक्षा पास झाले आणि दोन-तीन महिने आम्ही रविवारी बंदुका बघत फिरलो. फिरलो म्हणजे क्लबातच. सिंगापुरात कुणी बंदूक घरी ठेवत नाही. सगळ्या क्लबाच्या कोठारात कुलपात असतात, आणि कुणाला विकायची असली की तिथेच फळ्यावर चिठ्ठी लागते.

पहिली बघितली ती चकचकीत होती. दोन्ही बाजूंना बदकं कोरलेली. सर त्या बदकांवरच भाळले. मी नळ्या आणि दस्ता यांना जोडणारा पुढचा लाकडी भाग काढला, बंदूक बंद केली आणि दस्ता धरून हलवली. खडखड आवाज आला. बिजागरी ढिली झालेली. अशी बंदूक म्हणजे दात हलणारा घोडा, बाहेरून कितीही खरारा केला तरी. मी नको म्हटलं. सर हिरमुसले.

दुसरी इटलीची होती, खरोखर सुंदर, पण सहा फुटी माणसासाठी केलेली. बंदुकीच्या दस्त्याची लांबी माणसाच्या हाताला जुळावी लागते, सदऱ्याची बाही जुळावी लागते तशी. सर पाच फूट पाच इंच. ती त्यांना घ्यायची नव्हतीच, परवडणारही नव्हती. तरी त्यांनी ती खांद्यावर टाकून माझ्याकडून सात फोटो काढून घेतले. मालक बिचारा बाजूला उभा. सर नुकताच करी पफ, म्हणजे तिथली तिखट तळलेली करंजी, खाऊन आले होते आणि तेलकट बोटांनी त्या अक्रोडाच्या लाकडाला धरून उभे होते. मग मालकाला म्हणाले, "लास्ट प्राइस?" आणि त्याने सांगितलेल्या किमतीचा तिसरा हिस्सा बोलून दाखवला. त्या माणसाने बंदूक परत घेतली. रुमालाने लाकूड पुसलं, बंदूक पेटीत ठेवली, पेटी मिटली. मी जमिनीकडे बघत होते.

"तुसडा आहे," सर मला मराठीत म्हणाले.

जूनमध्ये अंकलचा हात थरथरायला लागला. डॉक्टरने औषध दिलं, पण नेमबाजी संपली हे त्यांना कळलं होतं. एक दिवस कॉफी पिताना म्हणाले, "माझी बंदूक विकायची आहे. तू कोणीतरी बघून दे. श्रीमंत नको. चांगला माणूस बघ."

मला पुढचं सांगताना लाज वाटते. अंकलची उंची सरांएवढीच. दस्ता त्यांना बरोबर बसणार. किंमत आवाक्यातली. बंदूक तीस वर्षांची, साधी, कोरीवकाम नाही, पण पोलाद उत्तम आणि राखलेली डोळ्यात तेल घालून. सरांना जी बंदूक हवी होती ती हीच, हे मला त्या क्षणी कळलं. एका बाजूला बंदूक, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक. अंकलनी 'चांगला माणूस' म्हटलं होतं तेवढं मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढच्या रविवारी कोठारातल्या टेबलावर अंकलनी बंदूक उघडून ठेवली. तिन्ही भाग वेगळे, पांढऱ्या फडक्यावर, शेजारी शेजारी. मी नळ्या उचलून ट्यूबलाइटकडे धरल्या आणि आत बघितलं. नळी सरळ असेल, कुठे चेपली नसेल, तर आत उजेडाची गोल वलयं दिसतात, एकात एक, कुठेही न वाकलेली. तशीच दिसली. बंदूक जोडून बंद केल्यावर ती उघडायचा वरचा खटका मधोमधच्या जरा उजवीकडे थांबला, म्हणजे झीज फार नाही. दोन्ही घोडे स्वच्छ पडत होते. मी तोंड उघडायच्या आत अंकलनीच नळीच्या मागच्या भागाकडे बोट दाखवलं.

"इथे छोटे खड्डे आहेत. गंजाचे. बायको हॉस्पिटलात होती तेव्हा तीन आठवडे मी साफ केली नाही." मग दस्त्यावरची एक खोक दाखवली. "ही तिनेच पाडली. बाकावरून उचलायला गेली आणि सुटली हातातून."

आणि तिसरी गोष्ट त्यांनी एकदा नाही, तीनदा सांगितली. दोन्ही नळ्या तोंडाशी खूप निमुळत्या आहेत, जुन्या पद्धतीच्या. यात फक्त शिशाचे छर्रे. पोलादी छर्ऱ्यांचं काडतूस घालायचं नाही. शिसं मऊ असतं, अरुंद तोंडातून दबून निघून जातं. पोलाद दबत नाही, मग नळी फुगते. मी तिथल्या तिथे ते एका कार्डावर इंग्रजीत आणि खाली मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं.

सरांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून मराठीत सुरुवात केली.

"विचार त्याला, नळीला खड्डे पडलेत, म्हणजे भंगारच की ही. निम्मे देतो म्हणावं."

"सर, त्या खड्ड्यांनी काही बिघडत नाही. त्यांनी आपणहून दाखवलेत."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?" मग दस्त्यावरच्या खोकेवरून बोट फिरवत हसले. "आणि ही बायकोने आपटलेली. विचार, बायकोची आठवण वजा करून किती?"

अंकल माझ्याकडे बघत होते. "काय म्हणतात ते?"

मी म्हटलं, "थोडी किंमत कमी होईल का, असं विचारताहेत."

सरांच्या वाक्यातली सगळी घाण मी काढून टाकली आणि धुतलेलं वाक्य अंकलच्या पुढे ठेवलं. असं मी त्या अर्ध्या तासात पाच-सहा वेळा केलं. पण माणसाला भाषा कळली नाही तरी हसू कळतं. अंकलचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. शेवटी त्यांनी किंमत बरीच खाली आणली. सही करण्याआधी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा चांगला माणूस आहे ना?"

"हो, अंकल," मी म्हटलं.

"कॅन, लाह," म्हणजे चालेल, असं म्हणून ते आत गेले आणि सही केली.

नोव्हेंबरात सर गेले. ऑफिसच्या ग्रुपवर फोटो यायला लागले. हिरवट कोट, चपटी टोपी, बूट, काखेत अंकलची बंदूक. घरी माझ्या मुलीने माझ्या फोनवर त्यातला एक बघितला. जमिनीवर ओळीने मांडलेले पक्षी, गळे एकाच दिशेला टाकलेले, आणि त्यांच्या मागे उभे राहून हसणारे आमचे सर. "आई, सो मेनी! ही ईट ऑल, मेह?" तिने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं. मी फोन उलटा ठेवला.

सर परत आल्यावर गुरुवारी कँटीनमध्ये माझ्या समोर येऊन बसले. मी डबा उघडला होता, पोळी आणि भेंडी. त्यांनी ताटाशेजारी फोन उभा केला आणि व्हिडिओ लावला.

आधी एक सांगते. मी शाकाहारी नाही. आमच्याकडे रविवारी कोंबडी होते, मासे मी स्वतः चिरते, रक्ताला मी भीत नाही. माझ्या माहेरी शेजारी एक जुने शिकारी होते. ससा मारायचा तर पाव दिवस त्याच्यामागे चालायचे, घरी आणून स्वतः सोलायचे आणि हाडंसुद्धा वाया घालवायचे नाहीत. तेही मी बघितलं होतं.

व्हिडिओत एक नर पक्षी होता. तांब्याच्या रंगाचा, मानेला पांढरा पट्टा. एक पंख मोडलेला. दुसऱ्या पंखाने तो जमिनीवर गोल गोल फिरत होता. भोवती चार-पाच बूट. कोणीतरी मोजत होतं, किती फेऱ्या मारतो ते. त्यांत सरांचा आवाज होता, मऊ, ओळखीचा: "कम ऑन, कम ऑन, वन मोर!" मग एक बूट त्याच्या मानेवर आला. बूट त्यांचाच. फोटोतला.

"बघितलंस काय चिवट असतात?" सर म्हणाले. त्यांनी भाताचा घास घेतला. तो घास चावता चावता ते सांगत होते. हे पक्षी पिंजऱ्यात वाढवतात, खाऊ घालून माणसाळवतात आणि हंगामाच्या आधी रानात सोडतात. शिकारीच्या दिवशी गावातले लोक काठ्या आणि झेंडे घेऊन त्यांना हाकत पुढे आणतात आणि हे पाहुणे ओळीने उभे राहून वर मारतात. "कोंबड्याच गं त्या. डोळे मिटून मारलं तरी पडतात. एका दिवसात शेकडो."

"मग खातात कोण एवढे?"

"खातं कोण! थोडे हॉटेलवाले नेतात. बाकीचे खड्डा काढून त्यात." त्यांनी हाताने जेसीबीचा अभिनय केला. "आणि माझी बंदूक! त्या इंग्रज म्हाताऱ्याने हातात घेतली ती सोडेचना. मी म्हटलं, माझ्या आजोबांची. हिने त्यांनी वाघ मारला होता. तू बघायला हवं होतंस त्याचं तोंड."

पक्ष्याच्या छर्ऱ्यांनी वाघ. त्या इंग्रजाला हे खोटं कळलं नसेल असं मला वाटत नाही. तोही यांना हसतच असणार. मी डबा मिटला. 

"एक मात्र आहे," सर म्हणाले. "बंदूक फुसकी निघाली. दुसऱ्या दिवशी नळीच फुगली तोंडाशी."

"कोणती काडतुसं घातलीत?"

"त्यांनी दिली ती. शिसं त्यांच्याकडे चालत नाही म्हणे, त्यांच्या तळ्याला वगैरे बाधतं."

"म्हणजे पोलादी. सर, पेटीत मी कार्ड लावलं होतं."

"ते काढून टाकलं होतं मी इथेच," ते सहज म्हणाले. "आजोबांच्या बंदुकीच्या पेटीत तुझ्या अक्षरातली चिठ्ठी बरी दिसेल का?" आणि मग पाणी पिऊन, "रविवारी ये माझ्याबरोबर. त्याच्याकडून पैसे परत घ्यायचेत."

मी जायला नको होतं, असं नवरा म्हणाला. पण मी गेले नसते तर अंकल त्या माणसासमोर एकटे पडले असते. एवढं तरी मला कळत होतं.

अंकल टेबलापाशी आले. सरांनी नळ्या पुढे सरकवल्या. "यू सोल्ड मी अ डिफेक्टिव्ह गन." अंकलनी अंगठा नळीच्या तोंडाकडून हळूच खाली नेला आणि त्या उंचवट्यावर थांबवला.  मग त्यांनी फक्त एक शब्द विचारला.

"स्टील?"

"नो. ओन्ली लेड," सर म्हणाले. पापणीही हलली नाही. वर म्हणाले, "हिला विचारा. धातूतली तज्ज्ञ आहे."

मी नळी उजेडाकडे धरली. आत लांब, सरळ, बारीक ओरखडे होते. मऊ शिसं असे ओरखडे पाडत नाही. सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

सर मराठीत, हळू आवाजात बोलले. "नीट बोल. हे आपलं घरातलं आहे. बाहेरच्यासमोर आपल्या माणसाला खाली बघायला लावत नाहीत."

आपला माणूस! पाच महिन्यांपूर्वी याच टेबलापाशी या माणसाने एका म्हाताऱ्याच्या मेलेल्या बायकोवर विनोद केला होता, आणि तो आपल्या भाषेत होता म्हणून मी झाकला होता. मला त्यांच्याइतकीच स्वतःची शिसारी आली. मी इंग्रजीत बोलले, कोठाराच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"स्टील आहे. त्यांनी स्वतः मला गुरुवारी कँटीनमध्ये सांगितलं. मी लिहून लावलेलं कार्डसुद्धा त्यांनी काढून टाकलं. बंदुकीत काही दोष नव्हता."

कोठारातला माणूस नोंदी करता करता थांबला. सर हसले. "शी इज कन्फ्यूज्ड," ते म्हणाले. "कामाचा ताण आहे तिला."

अंकलनी खिशातून चेकबुक काढलं. 

"अंकल, नका देऊ," मी म्हटलं. "यांचा काही हक्क नाही."

"मला माहीत आहे," अंकल म्हणाले. त्यांचा हात इतका हलत होता की त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून चेक लिहिला. "या माणसाचे पैसे मला माझ्या घरात नकोत."

मला वाटलं, आता तरी सर लाजतील. चेक घेणार नाहीत. त्यांनी घेतला. आपल्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का ते तपासलं, एक अक्षर चुकलं होतं ते अंकलकडून दुरुस्त करून घेतलं, शेजारी सही करून घेतली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि घडी करून खिशात ठेवला. "बघ, त्याला स्वतःलाच पटलं," मला म्हणाले. बंदूक टेबलावर टाकली, पण तिची चामड्याची पिशवी उचलली. ती त्यांनी वेगळी विकत घेतली होती.

ते गेल्यावर अंकल नळ्या पुसायला लागले. त्या नळ्यांचा आता काही उपयोग नव्हता, तरी तेलाचं फडकं आतून दोनदा फिरवलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तू त्याला आणलंस तेव्हा तो असा आहे हे तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं. 

त्यांनी मान हलवली. "पुढच्या वेळी नाही म्हण, लाह. इतकं अवघड नसतं."

फुगलेला तुकडा कापून बंदूक आखूड करता आली असती, पण अंकल नको म्हणाले. क्लबाच्या माणसाने रीतसर ती पोलिसांकडे नष्ट करायला नेली. कागदांवर सही करायला मी अंकलबरोबर गेले. खिडकीतल्या पोरसवदा अधिकाऱ्याने नळीवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक ताडून बघितला, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. बाहेर आल्यावर अंकलनी टॅक्सी नाकारली. बसने जातो म्हणाले, एकटेच.

घरी नवऱ्याने राजीनामा दे म्हटलं. आम्ही दोन रात्री त्यावर बोललो. मुलीची शाळा, माझा पास, दुसरी नोकरी मिळेपर्यंतचे महिने. शेवटी ठरलं की जानेवारीतलं मूल्यमापन येऊ दे, ते वाईटच येणार, मग आपोआप सुटेल. मला शिक्षा हवी होती, असंच म्हणायला हवं. ती मिळाली असती तर निदान हिशेब चुकता झाल्यासारखं वाटलं असतं.

जानेवारीत सरांनी बोलावलं आणि कागद पुढे केला. विभागातली सर्वांत वरची श्रेणी. पगारवाढ. पासच्या नूतनीकरणाची शिफारस. खाली त्यांच्या अक्षरात एक ओळ होती की अवघड प्रसंगीही ही व्यक्ती संस्थेशी एकनिष्ठ राहते. मी वर बघितलं. ते मऊ हसत होते. 

"झालं गेलं विसरून जायचं असतं," ते म्हणाले. "आपण आपली माणसं."

मला तिथे काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. मी मनात ते शंभर वेळा केलं आहे. प्रत्यक्षात मी पेन घेतलं, सही केली आणि "थँक यू, सर" म्हणाले. तिथून पुढे दीड वर्ष मी रोज सकाळी त्यांना गुड मॉर्निंग म्हणत होते.

त्यानंतर थोड्या दिवसांनी चिनी नववर्ष आलं. तिथल्या रिवाजाप्रमाणे मी संत्र्यांची जोडी घेऊन अंकलच्या फ्लॅटवर गेले. त्या सणाला पैसे घालून देतात तसं एक लाल पाकीटही नेलं. त्यांनी गमावलं तेवढं त्यात होतं, वाढलेल्या पगारातून काढलेलं. दारात मी दोन्ही हातांनी संत्री पुढे केली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. आत बसल्यावर पाकीट दिलं. त्यांनी ते बोटांत धरून जाडी बघितली, उघडलं नाही.

"हे कुठून आलं?"

मी खरं सांगितलं.

त्यांनी ते पाकीट टेबलाच्या माझ्या बाजूला सरकवलं, आणि मग तो हात पँटला पुसला. मुद्दाम नाही, मला दाखवायला नाही. तेल लागलं की पुसायचे तसा. "संत्री ओके," म्हणाले. "हे नको."

मग त्यांनी चहा ओतला. हात थरथरत होता म्हणून थोडा बशीत सांडला. आम्ही माझ्या मुलीच्या शाळेबद्दल बोललो, त्यांच्या औषधांबद्दल बोललो. अर्ध्या तासाने मी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि निघाले. लिफ्टमध्ये आणखी दोन कुटुंबं होती, नवे लाल कपडे घातलेली, आणि सगळे एकमेकांना शुभेच्छा देत होते. त्यांनी मलाही दिल्या.